हुक उघडला, पण यंत्र वर आलं नाही

मी तिसऱ्यांदा कमांड पाठवली आणि हेडफोन कानावर दाबून धरला. पाण्याखालून काहीच आलं नाही. डोंग्याला लागून पाण्याचा चुबुक चुबुक आवाज येत होता, तेवढाच.

"काय म्हणते?" देशकर सरांनी विचारलं.

"काहीच नाही म्हणत, सर."

"पुन्हा पाठव."

डोंगा वल्हवणारे बिसाहू भैया आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होते. ते याच खदानीत मासे धरतात. पाण्यात तार सोडून एक मुलगी कोणाशी बोलते आहे, हे त्यांना पहिल्या दिवसापासून गमतीचं वाटत होतं.

आधी हे सगळं काय आहे ते सांगते. मी प्रज्ञा. रायपूरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली, त्यामुळे आपण जे लिहितो आहोत ते बरोबर आहे की नाही, ही धाकधूक मला नेहमी असते. सकाळी कॉलेज करून दुपारी मी समता कॉलोनीतल्या एका लहान कंपनीत ट्रेनी म्हणून जाते. कंपनी म्हणजे देशकर सर, त्यांच्या घराचा खालचा मजला आणि एक जीप. सर मूळचे नागपूरचे. तलाव, बंधारे, खदानी यांचं पाणी मोजणं हे आमचं काम.

रायपूरशेजारी वसवलेल्या नव्या राजधानीत रस्ते आधी झाले आणि पाणी नंतर आठवलं. मग शहराबाहेरच्या जुन्या दगडखाणींकडे लक्ष गेलं. दगड काढून संपला की खदान पावसाने भरते आणि तशीच राहते. ते पाणी पिण्यासाठी घेता येईल का, असा प्रश्न होता. त्याचं उत्तर वरून बादली भरून मिळत नाही. तळाशी पाणी किती थंड आहे, त्यात हवा किती आहे, पावसाळ्यात ते कसं बदलतं, हे महिनोन् महिने मोजावं लागतं. म्हणून तळाशी लॉगर ठेवतात. लॉगर म्हणजे स्वतःच मोजून स्वतःच लिहून ठेवणारं यंत्र.

प्रश्न हा की ते परत कसं काढायचं. सोपा उपाय म्हणजे दोर बांधून वर एक डबा तरंगत ठेवणे. तो आम्ही केला होता. आठवड्यात डबा गेला. कोणीतरी घरी पाणी भरायला नेला असणार, चांगला झाकणाचा डबा होता. म्हणून सरांनी समुद्रात वापरतात तसलं यंत्र भाड्याने आणलं. त्याला अकूस्टिक रिलीज म्हणतात. आम्ही नुसतं रिलीज म्हणतो.

रिलीज म्हणजे आवाजाने उघडणारा हुक. सगळ्यात खाली वजन. वजनाच्या कडीत रिलीजचा हुक. त्याच्या वर लॉगर आणि सगळ्यात वर नारंगी गोळे, जे यंत्राला सतत वर ओढत असतात. वरून पाण्यात ठरावीक आवाज सोडला की हुक उघडतो, वजन तळाशीच राहतं आणि बाकीचं सगळं आपोआप वर येतं. पाण्याच्या वर काहीच दिसत नाही, त्यामुळे चोरीला जायला काही नसतं. रिलीज उलटं उत्तरही देतं. "ऐकलं", "उघडलं", आणि आवाज जाऊन यायला लागलेल्या वेळावरून "मी इतक्या अंतरावर आहे". हे अंतर म्हणजे रेंज.

त्या शनिवारी ते उत्तरच देत नव्हतं.

"भिंती," सर म्हणाले. खदानीच्या चारही बाजूंना सरळ कापलेला दगड आहे. आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि एकात एक मिसळतो. समुद्रात हा त्रास नाही. "बिसाहू, डोंगा बिलकुल ऊपर ले चलो, जहाँ डाला था."

"हव साहेब."

आम्ही बरोबर यंत्राच्या डोक्यावर आलो. मी रेंज मागितली, या वेळी आकडा आला. मी कमांड पाठवली. हेडफोनमध्ये दोन बारीक टुक्टुक् आल्या आणि बॉक्सवर हिरवा दिवा लागला.

"उघडलं, सर! उघडलं!"

सरांनी टोपी काढून पुन्हा घातली. आम्ही तिघं पाण्याकडे बघत बसलो. गोळे मिनिटाभरात वर यायला हवे होते. बराच वेळ गेला. बिसाहू भैयांनी बिडी पेटवली, संपवली.

"नइ आवत हे, दीदी," ते हळूच म्हणाले.

मी रेंज मागितली. मघापेक्षा मीटरभर कमी. परत मागितली. तेवढीच. म्हणजे यंत्र थोडं वर उचललं गेलं होतं आणि तिथेच थांबलं होतं.

सरांनी एकेक शक्यता मोडीत काढली. हुक गाळाने अडकला असता तर यंत्र हललंच नसतं. गोळ्यांत पाणी गेलं असतं तरी हललं नसतं. ते हललं होतं, म्हणजे हुक सुटला होता आणि गोळे ओढत होते. "खालून कोणीतरी धरून ठेवलंय त्याला," सर म्हणाले. "झाडाची फांदी असेल, जुनं लोखंड असेल. आपल्याला दिसणार नाही."

परतताना जीपमध्ये ते म्हणाले, "प्रज्ञा, रिलीजची बॅटरी आता फार दिवसांची नाही. ती गेली की ते कुठे आहे हेही कळणार नाही. सोमवारी मला लिहून द्यावं लागेल की यंत्र गेलं. मग हे पाण्याखालचं काम मी बंद करीन. मला पुन्हा असं यंत्र कोणी देणार नाही."

 मला घेतलं होतं ते याच कामासाठी. जमिनीवरच्या कामाला त्यांना ट्रेनी लागत नव्हती.

आम्ही भनपुरीला राहतो. आजोबा भंडाऱ्याकडून रेल्वेच्या कामाला आले आणि इथलेच झाले. बाबा ट्रान्सपोर्टमध्ये आहेत. ट्रकवर माल चढला की त्याच्यावर ताडपत्री टाकून दोर आवळायचे, हे त्यांचं काम. त्यांनी बांधलेली गाडी ओरिसाचा घाट उतरून गेली तरी ताडपत्रीचा कोपरा फडफडत नाही, असं ड्रायव्हर म्हणतात. बाबा स्वतः असं काही म्हणत नाहीत.

त्या संध्याकाळी मी ताटावर बसले आणि जेवलेच नाही.

"काहून वं, जेवून नाही राहिली?" आईने विचारलं.

"भूक नाही."

"दिवसभर पान्यात व्हती, अन् भूक नाही म्हंते."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "निंगालं का तुमचं मशीन?"

"नाही निघालं, बाबा. हुक उघडला. पण दोन हात वर आलं अन् थांबलं."

बाबांचा घास हातातच राहिला.

"किती म्हनलं?"

"दोन हात. मीटरभर."

त्यांनी घास ताटात ठेवला. हात धुऊन आले आणि भिंतीला टेकून बसले. मला काही कळेना. आई म्हणाली, "काय झालं जी?"

"ढील," बाबा म्हणाले. "दोन हाताची ढील मीच ठेवली व्हती."

यंत्र सोडलं त्या दिवशी सरांचा नेहमीचा हेल्पर आला नव्हता. दोर हाताळणारा माणूस हवा म्हणून मी बाबांना विचारलं होतं. बाबा सकाळीच दाढी करून तयार. वजन म्हणून ट्रकचे जुने ब्रेकड्रम लावले होते, तेही त्यांनीच भनपुरीतून आणून दिले. सर काठावर उभे राहून पाहायला आलेल्या अधिकाऱ्यांना इंग्रजीत सगळं समजावत होते. मी बॉक्सजवळ होते. बाबा तराफ्यावर वाकून ड्रम बांधत होते. तेव्हा त्यांनी काय केलं ते आता कळलं.

ट्रान्सपोर्टमध्ये बाबांसारखी जुनी माणसं गाडी बांधून झाली की वरून एक जास्तीचा दोर टाकतात. तो कोणी सांगत नाही. पहिला दोर मालाचा, हा भरोशाचा. तो थोडा ढिला ठेवायचा, कारण त्याच्यावर ताण यायला नको. पहिला तुटला, तरच तो कामाला येतो. तोवर तो नुसता असतो.

बाबांनी ब्रेकड्रमपासून रिलीजच्या वर लॉगर बसवलेल्या जाळीपर्यंत भरोशाचा दोर टाकला होता. चांगला नायलॉनचा.

हुक सुटला, यंत्र दोन हात वर आलं, आणि बाबांच्या दोराने त्याला धरलं. गाडी घाटात धरावी तसं.

"बाबा, तुम्ही काहून..." मी एवढंच म्हणाले आणि थांबले. 

"सकाळी मी येतो तुया साहेबाकडे," बाबा म्हणाले.

"मी सांगते ना त्यांना."

"तू कायले सांगतं? तू बांधला काय?"

खरं सांगायचं तर सांगूच नये, असंही माझ्या मनात आलं. पाण्याखालचा दोर कोणाला दिसतो? फांदी म्हणाले आहेत, तर फांदीच असू द्यावी. आई माझ्याजवळ येऊन बसली. तिला बहुतेक माझ्या मनातलं कळलं. ती म्हणाली, "त्यायले जाऊ दे बाई. नाही गेले तं झोपनार नाहीत."

रविवारी सकाळी बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निघाले. हा शर्ट ते चौदा एप्रिललाच घालतात. समता कॉलोनीत सरांच्या ऑफिसच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या. इथे कोणी चपला काढत नाही, असं मी म्हटलं नाही.

सर कागद पुढे घेऊन बसले होते. "अरे काका! या, बसा."

बाबा बसले नाहीत. "साहेब, तुमचं मशीन मी धरून ठेवलं हाये."

सरांना कळलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं, तर बाबांनी हाताने थांबवलं आणि स्वतः सांगितलं. कुठून कुठे दोर टाकला, कसा टाकला, ढील किती. सर ऐकत होते. त्यांचा चेहरा लाल होत गेला तो मला दिसत होता. बाबांनाही दिसत असेल, पण ते शेवटपर्यंत बोलले.

"पण काहून टाकला काका? कोणी सांगितलं होतं?"

"कोनी नाही, साहेब." बाबांनी खाली बघितलं. "पोट्टीचं पयलं काम व्हतं. एवढं महागाचं मशीन, अन् सगळं एका बोटाएवढ्या हुकावर. मले वाटलं, तुटलं तं हिच्यावर येईन. म्हनून टाकला."

 सर उठून खिडकीशी गेले. मला वाटलं, आता काय बोलायचं ते बोलतील.

"प्रज्ञा," ते वळून म्हणाले, "हा हुक आपण स्वतःच उघडणार आहोत, हे काकांना कोणी सांगितलं होतं का?"

मी मान हलवली. मी सांगितलं नव्हतं. सरांनीही नाही.

"मी तिकडे इंग्रजी झाडत होतो," सर म्हणाले. मग त्यांनी टेबलावरचा कागद उलटा ठेवला. "काका, दोर टिकला असेल ना?"

"माया दोर?" बाबांनी पहिल्यांदा मान वर केली. "त्याले काय होते."

"मग फांदी नाही, लोखंड नाही. फक्त तुमचा दोर. म्हणजे सगळं एकमेकाला धरून आहे. ब्रेकड्रमसकट वर ओढता येईल. चला."

खदानीवर बिसाहू भैयांनी त्यांच्या भावाचा डोंगाही आणला. करायचं होतं ते असं. एक लांब दोर घ्यायचा, मध्ये थोडं वजन बांधून तो बुडवायचा आणि दोन टोकं दोन डोंग्यांत धरायची. यंत्राच्या दोन्ही बाजूंनी डोंगे न्यायचे, म्हणजे मधला दोर यंत्राला जाऊन लागतो. मग डोंग्यांनी एकमेकांना ओलांडलं की गोळ्यांच्या खाली फास बसतो. गोळे जाड असल्यामुळे तो वर निसटत नाही. सांगायला सोपं आहे. खाली काही दिसत नाही, हीच अडचण.

दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. मी बॉक्स घेऊन पहिल्या डोंग्यात, बाबा माझ्यासमोर दोर धरून. सर दुसऱ्या डोंग्यात. मी रेंज मागायची, आकडा मोठ्याने सांगायचा, आणि त्यावरून बाबांनी दोर सोडायचा.

"कमी होऊन राहिलं, बाबा. सोडा. अजून."

"सोडतो."

"थांबा."

"थांबलो."

घरात बाबा मला थांब म्हणतात. त्यांना मी थांबा म्हटल्याचं आठवत नाही. ते प्रत्येक वेळी लगेच थांबत होते.

पहिला फेरा फुकट गेला. दोर कशात तरी अडकला. बिसाहू भैया म्हणाले, खाली दगड वाहायच्या जुन्या ट्रॉलीचे रूळ आहेत, त्यात असेल. सोडवता सोडवता सगळ्यांचे हात सोलले. दुसऱ्या वेळी हेडफोनमधला आवाज बारीक व्हायला लागला. बॅटरी. मी सरांना ओरडून सांगितलं.

"किती वेळ चालेल?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, सर."

 दोर तळहातावर आडवा घेऊन, डोळे मिटून बाबा बसले होते. मी आकडे सांगत होते, डोंगे एकमेकांना ओलांडून गेले. तेवढ्यात आकडा यायचाच बंद झाला.

"बाबा, आता ऐकू नाही येत."

"असू दे," बाबा म्हणाले. "लागला. हे लोखंड नाही. लोखंड असं वढ घेत नाही. हे वर याले पाहून राहिलं."

दोन्ही डोंगे जवळ आणले आणि आम्ही सगळे ओढायला लागलो. मीसुद्धा. ब्रेकड्रमचं वजन किती असतं ते त्या दिवशी कळलं. बिसाहू भैया प्रत्येक ओढीला "हइसा" म्हणत होते. सरांचा चष्मा पाण्यात पडला, त्यांनी बघितलंही नाही. मग हिरव्या पाण्यात खोल काहीतरी फिकट दिसलं. आणखी दोन ओढींत ते नारंगी झालं, आणि गोळे फस्स करून वर आले.

 बिसाहू भैया म्हणाले, "आगे गा," म्हणजे आलं रे, आणि गोळ्यावर दोन थापा मारल्या, म्हशीला मारतात तशा.

काठावर आणल्यावर बघितलं. हुक सताड उघडा होता. आपलं काम त्याने चोख केलं होतं. त्याच्या शेजारून बाबांचा दोर, हिरवं शेवाळ चढलेला, गाठ जशीच्या तशी. सरांनी ती सोडायचा प्रयत्न केला. जमलं नाही. बाबांनी कुठलंसं एक टोक ओढलं आणि ती सुटली. मग तो दोर गुंडाळून त्यांनी पाठीमागे ठेवला, कोणाला दिसू नये असा.

लॉगर तिथेच जीपच्या बॉनेटवर लॅपटॉपला जोडला. सगळ्या पावसाळ्याचे आकडे होते, एकही दिवस गळालेला नव्हता. तळाच्या पाण्यात हवा जवळपास नाही, असं त्यांतून निघालं. आकडे चांगले आले म्हणजे पाणी चांगलं निघालं असं नाही. सोमवारी सरांनी तसंच लिहून दिलं. ज्यांना ते पाणी हवं होतं, ते काही खूश झाले नाहीत. माझं ट्रेनिंग मात्र पुढे चालू राहिलं.

त्या रविवारी खदानीवरून निघण्याआधी मी रिलीजमध्ये नवीन बॅटरी घातली. बिसाहू भैयांकडून पाण्याचा ड्रम मागून घेतला आणि रिलीज त्यात बुडवून ठेवलं. हुक मिटवला.

"बाबा, इकडे या. हे बघा."

मी कमांड पाठवली. टुक् झालं, हुक टक्कन उघडला. बाबा मागे सरकले.

"तू नाही हात लावला?"

"नाही."

"आनखी एकदा कर."

मी हुक मिटवून पुन्हा उघडला. त्यांनी आणखी एकदा करायला लावलं. चौथ्यांदा त्यांनी हुकाच्या तोंडाशी बोट नेऊन बघितलं, उघडतो तेव्हा किती जोर लागतो ते. सर जीपमध्ये बसून हॉर्न वाजवत होते.

"हे तं सुटासाठीच बनवलं हाये," बाबा म्हणाले.

"हो, बाबा."

"मंग आधी सांगत जा नं, बाई."

तेव्हापासून यंत्र सोडायच्या आधी जो कोणी दोराला हात लावणार असेल, त्याला मी ड्रमपाशी बोलावते आणि हुक उघडून दाखवते. डोंगेवाला असो, हेल्पर असो, नाहीतर हेल्परच्या जागी आलेला कोणाचा बाप असो. यात बॅटरी थोडी खर्च होते. सर त्याबद्दल कुरकुरतात, पण थांबवत नाहीत.